ठसा आणि शिक्का

पोलीस खातें आणि विद्याव्यासंग यांची सांगड घातली तर पुष्कळांस हसूं येईल. परंतु या खात्यानेंही संशोधन केलें आहे, आणि खरें संशोधन कशास म्हणावें याचा धडा मला त्यांतच मिळाला.

मूल जन्मलें कीं घरांतील वडीलधाऱ्या बायका त्याच्या बोटांवरील शंख-चक्रें मोजतात. बंगालच्या पोलिसांनीं तींच चक्रें निराळ्या हेतूनें मोजलीं. पोलीसप्रमुख हेन्री यांच्या हाताखालीं अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघांनीं खपून ठशांची वर्गवारी बसविली. दहा बोटांच्या पांच जोड्या कल्पून, चक्र असेल तेथें अनुक्रमें १६, ८, ४, २ व १ असे अंक द्यावयाचे; त्यांवरून ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ कप्पे पडतात, व हवा तो कागद अल्पावकाशांत हातीं लागतो. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. १९०१ सालीं लंडनच्या स्कॉटलंड यार्डनें हीच पद्धति उचलली. नांव मात्र हेन्रींचें लागलें.

पुढें १९०८ सालीं केनेडी या पोलीस अधिकाऱ्यानें मुंबई इलाख्यांतील ‘गुन्हेगार वर्गां’वर ग्रंथ प्रसिद्ध केला. कैकाडी, रामोशी, मांग-गारुडी अशा जातींचे पोशाख, बोली व चोरीच्या तऱ्हा त्यांत बारकाईनें नोंदल्या आहेत. १८७१ सालीं आरंभिलेल्या कायद्यानें कांहीं जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरत. असल्या ग्रंथांनीं त्या समजुतीस विद्वत्तेचा आधार दिला.

श्रम दोहोंकडे सारखेच. अंतर प्रश्नांत आहे. ‘हें कोणीं केलें?’ असें पहिलें संशोधन विचारतें. ‘हा कोणाचा मुलगा?’ असें दुसरें. ठसा एकाच माणसाचा असतो. तो त्यास पकडवितो, तसाच सोडवितोही. जातीवर मारलेल्या शिक्क्यांतून निर्दोष्यास सुटावयास वाटच नसते.

तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. तथापि आमच्या नात्यांतील एका सुशिक्षित घरीं चांदीची वाटी दिसेनाशी होतांच मोलकरणीच्या जातीची चर्चा सुरू झालेली मीं ऐकली आहे. वाटी देवघरांतच सांपडली. त्या बाईची क्षमा मात्र कोणीं मागितली नाहीं. मुलें तेथेंच बसलीं होतीं. शाळेंत तीं शास्त्र शिकतात. घरीं त्यांच्या कानांवर कोणतें संशोधन पडतें, हें वडील माणसांनीं पाहावयास नको काय?