चढत्या पाण्यातला ट्राउट

हैदराबादचा माणूस मासे धरायला थेट हिमाचलात जातो, हे आमच्या आईला अजून पटलेलं नाही. त्यात ८ जून २०१४ तिच्या मनातून जात नाही. आपल्या शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं बियासच्या पात्रात उतरली होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. मी तेव्हा नुकताच बी.ई. झालो होतो.

मी जातो ती तीर्थन नदी त्याच लारजीजवळ बियासला मिळते. मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळतो. सकाळी पाणी कमी आणि निवळ असतं. ऊन तापलं की दुपारनंतर चढतं, गढूळ होतं. म्हणून उजाडताच काठावर हजर व्हायचं.

फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून किड्यासारखा केलेला गळ. पाणी चढलं की नवशिके तो लांब, मधल्या धारेत फेकतात. मासा तिथे नसतोच. त्या ओढीत टिकून राहायला जेवढी ताकद लागते, तेवढं खाणं मिळत नाही. तो काठाशी येतो, मोठ्या दगडाच्या आडोशाला, वळणाच्या आतल्या बाजूला, कधी कधी अगदी दोन हातांवर. म्हणजे गुडघाभर पाण्यात उतरणारा नेमका माशाच्याच जागेवर उभा राहतो! मी काठावरूनच, तेही दोन पावलं मागून फेकतो. दोरी आखूड ठेवतो, नाहीतर धार तिला ओढून नेते. फ्लाय मोठी आणि काळी, कारण गढूळ पाण्यात रंगापेक्षा आकृती उठून दिसते. डोक्याशी जड मणी हवा, तरच ती तळाकडे जाते.

पोहोचल्यावर पहिलं काम मात्र वेगळंच. पाण्याच्या रेषेवरचा एक दगड हेरून ठेवायचा. तो बुडाला की सामान आवरायचं, मासा लागत असला तरी. सॉफ्टवेअरवाल्यांना अलर्टची सवय असते, पण हा अलर्ट म्यूट करता येत नाही. आणि धरणाखालच्या पात्रात तर हा दगडही कामाचा नाही. तिथे पाणी काही मिनिटांत येतं, त्यामुळे तिथे मी गळ टाकतच नाही.

मागच्या जूनमध्ये साडेदहालाच दगड बुडाला. तोवर दोन ब्राउन ट्राउट लागले होते, दोन्ही सोडून दिले. आईला फोन केला, तर तिने आधी विचारलं, ‘‘दगड दिसतोय ना रे?’’