अल्पायुषी तबकडी

जुन्या वस्तूंना जगात मान मिळतो. परंतु त्यासाठी त्या पुरेशा जुन्या व्हाव्या लागतात. पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिवाणखान्यात मिरवतो आणि आजोबांच्या घड्याळास कोणी हात लावू देत नाही. उलट, जी वस्तू वीसपंचवीस वर्षांपूर्वीची आहे, तिच्यापाशी ना नव्याचा दिमाख, ना जुन्याची प्रतिष्ठा. अशा अभागी वस्तूंत आम्ही व्हीसीडीची गणना करतो. आम्ही राहतो त्या कामोठ्यात ही तबकडी आज दोनच ठिकाणी हटकून दृष्टीस पडते. एक, भंगारवाल्याच्या हातगाडीवर. आणि दुसरे, सज्जाच्या गजांना दोऱ्याने टांगलेली, कबुतरांना भेवडावण्याकरिता. कबुतरे तिला मुळीच भीत नाहीत, ही गोष्ट निराळी.

या तबकडीचे वकीलपत्र घेण्याचे आम्ही योजिले आहे. मात्र अशिलाचे दोष झाकून ठेवण्याचा आमचा विचार नाही. कारण ते झाकण्याइतके थोडे नाहीत.

प्रथम तिची कुळकथा. तबकडीवर चित्रपट साठविण्याचा व्यापारी उद्योग १९७८ साली अमेरिकेत लेझरडिस्कने सुरू झाला. ती तबकडी जेवणाच्या ताटाएवढी, ३० सेंटीमीटर व्यासाची असे. जपानात ती बरीच रुजली. आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांचा उंबरठा मात्र तिने ओलांडला नाही. पुढे १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता व जेव्हीसी या कंपन्यांनी मिळून व्हीसीडीचे मानक ठरविले. आकार गाण्यांच्या सीडीइतकाच, १२ सेंटीमीटर. आणि तीवर चित्र व आवाज मिळून सुमारे ७४ मिनिटांचा ऐवज. अमेरिकेने तिची फारशी दखल घेतली नाही. तेथील लोक कॅसेटवरून बहुतांशी थेट डीव्हीडीवर गेले. चीन, हाँगकाँग, आग्नेय आशिया आणि हिंदुस्थान यांनी मात्र तिला घरात घेतले. यंत्र स्वस्त, तबकडी स्वस्त, आणि कोणत्या देशाची तबकडी कोणत्या देशात चालावी असले निर्बंधही तीवर नव्हते. शिवाय आपली हवा. कॅसेटच्या फितीला दमट हवेत बुरशी धरते. कामोठे खाडीच्या बाजूचे. श्रावणात येथे चामडी चपलेवरही पांढरी लव उगवते, तेथे फितीची काय कथा? तबकडी मऊ फडक्याने पुसली की काम झाले.

आमच्या घरी तिचा प्रवेश झाला तो नाटकाच्या ओढीने. आम्ही सिडकोच्या या नव्या वसाहतीत राहावयास आलो, तेव्हा इमारती उभ्या होत्या, पण रस्ते अर्धे झालेले होते. नाटक पाहावयाचे तर मानसरोवर स्थानकावरून लोकलने वाशीस जावे, विष्णुदास भावे नाट्यगृहात प्रयोग पाहावा आणि मध्यरात्रीच्या सुमारास परतावे, असा क्रम असे. पनवेलचे वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह पुढे झाले. तरुणांना हा क्रम जड नव्हता. पण आमच्या मातोश्रींच्या गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारला होता. 'तो मी नव्हेच' हे आचार्य अत्र्यांचे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आले आणि मातोश्रींनी ते तरुणपणी पाहिले होते. त्याची व्हीसीडी आम्ही आणली, तेव्हा प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे बोलण्यापूर्वीच त्याचे वाक्य मातोश्री म्हणून टाकीत. 'मोरूची मावशी'तील विजय चव्हाणांना पाहून त्या इतक्या हसत की, रिमोट हाती घेऊन आम्हांस नाटक क्षणभर थांबवावे लागे. नाट्यगृहात कोणत्याही राजालाही नसलेला हा अधिकार घरात एका वृद्धेला मिळाला, हे या तबकडीचे पहिले पुण्य. पणशीकर २०११ साली गेले, विजय चव्हाण २०१८ साली गेले, मातोश्रीही आता नाहीत. आणि त्या दोघा नटांचे ते प्रयोग अजून आमच्या कपाटात आहेत.

आता दोषांकडे वळतो. ७४ मिनिटांत आपले कोणते नाटक संपते? दोन तबकड्या लागत, कधी तीनही; आणि पहिली संपावयाची ती नेमकी न्यायालयात साक्ष रंगात आली असता. तबकडी बदलण्यास कोणी उठे, त्याच्या मागोमाग कोणी चहा टाकी, आणि साक्षीदार दहा मिनिटे पिंजऱ्यात तिष्ठत राही. चित्राविषयी तर बोलूच नये. रुंदीत ३५२ व उंचीत २८८ एवढ्याच ठिपक्यांत सारे जग बसवावयाचे. डीव्हीडीत याच्या चौपट ठिपके असत. चित्र लहान लहान चौकोनांत विभागून आवळलेले असल्यामुळे पात्र झपाट्याने हलले अथवा रंगमंचावर अंधार झाला की, ते चौकोन उघडे पडत आणि नायिकेच्या मुखावर फरशी बसविल्यासारखे दिसे. जुन्या एकवीस इंची टीव्हीवर हे खपून जाई. आजच्या भल्या मोठ्या पडद्यावर खपत नाही.

शिवाय ती अडखळे. संगणकाची माहिती सीडीवर लिहिताना चुका दुरुस्त करण्यासाठी जी जादा तजवीज केलेली असते, ती व्हीसीडीने ७४ मिनिटे साधण्याच्या लोभाने गाळली आहे. त्यामुळे थोड्याशा ओरखड्यानेही चित्र गोठे. गंमत अशी की, लोक चकचकीत बाजू जिवापाड जपत आणि छापील बाजूवर बॉलपेनने खुशाल नाव लिहीत. वस्तुतः माहितीचा थर त्या छापील बाजूच्याच लगत, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. चकचकीत बाजूस निदान जाड प्लॅस्टिकचे कवच आहे. खालच्या ओरखड्यावर कधी उपाय चालतो, वरच्यावर चालत नाही.

या सर्व दोषांवर पांघरूण घालणारा एक गुण होता, तो म्हणजे स्वस्ताई. २००७ साली मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढल्या. तोपर्यंत स्थानकाच्या पायऱ्यांवर चोरट्या प्रतींचा बाजार भरे. अस्सल वस्तू जवळपास त्याच भावात मिळू लागली. मालकाच्या दिवाणखान्यात आणि रखवालदाराच्या खोलीत एकच चित्रपट, एकाच प्रतीचा, दिसू लागला. ग्रंथसंग्रहाप्रमाणे नाट्यसंग्रह करण्याची ऐपत मास्तर-कारकुनांना आली, ती याच काळात. परंतु जे स्वस्त मिळते ते जपण्याची बुद्धी माणसास सहसा होत नाही. २८ रुपयांच्या वस्तूस कपाटात जागा कोण देतो? पुढे इंटरनेटवरून चित्रपट घरोघर येऊ लागले, लॅपटॉपमधून तबकडीचा खण नाहीसा झाला, २०१८ साली ती कंपनीही विसर्जित करण्याचा आदेश निघाला.

नव्या व्यवस्थेची निंदा आम्ही करणार नाही. चित्र सुरेख, निवड अफाट, आणि उठून तबकडी बदलावी लागत नाही. तथापि तेथे आपण भाडेकरू असतो. आज दिसणारे नाटक उद्या करार संपताच नाहीसे होते आणि तक्रार करावी तर कोणाकडे, ते उमगत नाही. व्हीसीडी आम्हांस परवलीचा शब्द विचारीत नसे. ती आमची होती; वाईट होती, पण आमची होती.

याहूनही गंभीर एक बाब आहे. दुकानात विकत घेतलेली तबकडी साच्यात दाबून केलेली असते. पण त्या काळात लग्न-मुंजीचे चित्रण करणारे छायाचित्रकार जी व्हीसीडी देत, ती बहुधा संगणकावर लिहिलेली असे. तीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात उमटते. तो थर उन्हाने व उष्म्याने हळूहळू निकामी होतो. बाहेरून तबकडी चकचकीतच दिसते. आतून ती पुसली जात असते. आमच्या धाकट्या भगिनीच्या विवाहाची अशी एक तबकडी आमच्याकडे आहे. तीत आमचे वडील मिनिटभरच येतात. मांडवाच्या दाराशी उभे राहून पाहुण्यांना 'या, या, जेवल्याशिवाय जायचं नाही बरं का!' असे बजावतात आणि लगबगीने वळतात, तोच त्यांच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. पण आवाज स्वच्छ आहे. चित्राच्या मानाने आवाजाच्या बाबतीत या तबकडीने कधीच फारशी कंजुषी केली नाही. वडिलांची छायाचित्रे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांचा आवाज मात्र त्या तबकडीखेरीज कोठेही नव्हता.

गेल्या वर्षी तिची प्रत करण्यासाठी आम्ही संगणकाला जोडावयाचा एक ड्राइव्ह पनवेलच्या बाजारातून आणला. त्याने तबकडी वाचण्याचे साफ नाकारले. एका स्नेह्यांचा जुना ड्राइव्ह मागून आणला, त्याने ती वाचली. शेवटची काही मिनिटे तेवढी गेली. वडील त्याआधी येतात, म्हणून वाचले. आणखी दोन-चार उन्हाळे गेले असते तर काय झाले असते, याचा विचार आम्हांस रुचत नाही.

जुनी नाणी व ताम्रपट जपणारी माणसे आपल्यात आहेत, आणि चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालयही आहे. परंतु आपल्या घरातील मुंज, आजीची ओवी किंवा वडिलांचे आर्जव जपण्यासाठी कोणतेही सरकारी संग्रहालय येणार नाही. ते काम ज्याचे त्यानेच करावयाचे आहे. वाचकांस आमची विनंती एवढीच की, अशी तबकडी हाती लागल्यास ती आधी एकदा चालवून पाहावी. एका यंत्राने नाकारली तर दुसऱ्यावर पाहावी. आणि चालली तर त्याच दिवशी तिच्या दोन प्रती करून दोन घरी ठेवाव्यात. आत कोण आहे, कोणत्या साली, कोणत्या कार्यात, हे एका कागदावर लिहून तो पाकिटात घालावा. कारण चेहरे ओळखणारी माणसे तबकडीपेक्षाही अल्पायुषी असतात.