जुन्या नकाशातली मुलगी

मुलांनो, आमच्या शाळेच्या कपाटात जगाचा एक जुना नकाशा आहे. कापडावर चिकटवलेला, कडा कुरतडलेल्या, घडीवर भोकं पडलेली. दिवाळीच्या सुट्टीआधी कपाट आवरताना पोरांनी तो बाहेर काढून भिंतीवर टांगला. थोड्या वेळाने एकाने विचारलं, "बाई, यात दोन जर्मनी कसे? छापताना चुकलं का?"

छापताना चुकलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 साली, जर्मनीचे खरंच दोन देश झाले, पूर्व आणि पश्चिम. 1990 साली ते पुन्हा एक झाले. आमचा नकाशा त्याआधीचा. एवढं सांगून मी गप्प बसले असते. पण खिडकीपाशी सहावीतली एक मुलगी तोंड फिरवून बसली होती आणि तिच्या रागाचं कारण मला पक्कं ठाऊक होतं.

खो-खोच्या तालुका स्पर्धेसाठी नावं पाठवायची मुदत मी विसरले होते. हो, मीच. कागद माझ्या पर्समध्येच राहिला. मुली तीन महिने मैदानावर घाम गाळत होत्या आणि आमचा संघ गेलाच नाही. संघातल्या सातवीच्या मुली तर पुढच्या वर्षी शाळेतही नसतील.

मी नकाशातल्या पूर्व जर्मनीवर पट्टी ठेवली आणि म्हटलं, "इथल्या एका मुलीची गोष्ट ऐका."

तिचं नाव बिर्गिट फिशर. हाफेल नदीकाठच्या ब्रांडेनबुर्ग गावात 1962 साली जन्मली आणि लहानपणीच कयाक चालवू लागली. कयाक म्हणजे आपली मासेमारीची होडी नव्हे बरं का! एकटीने चालवायची शर्यतीची कयाक पाच मीटरांहून थोडी लांब, पण इतकी निमुळती की नवखा माणूस बसता बसता पाण्यात पडतो. पाय पुढे करून बसायचं. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं. एकदा डावीकडे मारायचं, एकदा उजवीकडे. दिशा बदलायला सुकाणू असतं, तेही पायाने फिरवायचं.

1980 साली मॉस्को ऑलिंपिकमध्ये 500 मीटरच्या शर्यतीत बिर्गिटने सुवर्णपदक मिळवलं. वय अवघं अठरा! (त्याच ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचं सुवर्ण जिंकलं होतं. हे सांगितल्यावर वर्ग जरा जागा झाला.) 1983 च्या जागतिक स्पर्धेत तर ती एकेरी, दुहेरी आणि चौघींची अशा तिन्ही शर्यती जिंकली. आता पुढचं ऑलिंपिक, 1984, लॉस एंजेलिस.

पण ती गेलीच नाही. म्हणजे तिला जाताच आलं नाही. सोव्हिएत युनियनने त्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला आणि पूर्व जर्मनीही मागोमाग गेली. एकेरीचं सुवर्ण स्वीडनच्या अग्नेता आंदरसनने नेलं. बिर्गिटचं वल्हं कुठे चुकलं नव्हतं. मोठ्या माणसांनी खोलीत बसून ठरवलं आणि तिची चार वर्षं गेली.

हे सांगताना माझा आवाज जरा अडखळला. खिडकीपाशी बसलेल्या मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

पुढचं ऐका. 1986 साली तिला मुलगा झाला आणि 1988 मध्ये सेऊलला तिने दोन सुवर्णं आणि एक रौप्य मिळवलं. मग तिने खेळ सोडला. 1989 साली मुलगी झाली. त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली आणि पुढच्या वर्षी तिचा देशच नकाशावरून गेला! 1992 मध्ये बार्सिलोनात ती पुन्हा हजर, आता एकसंध जर्मनीकडून. एकेरीत सुवर्ण. झेंडा नवा, राष्ट्रगीत नवं, वल्हं मात्र तेच. 1996 ला अटलांटात एक सुवर्ण, 2000 ला सिडनीत दोन. पुन्हा निवृत्ती. आणि 2004 मध्ये अथेन्सला पुन्हा होडीत!

अथेन्सची शर्यत मला फार आवडते. चौघींची कयाक अकरा मीटर लांब असते. आम्ही दोरीने मोजलं, तर ती आमच्या वर्गात मावेना, व्हरांड्यात जावं लागलं. तिथे चार पोरं एकामागे एक बसली आणि हातात केरसुण्या घेऊन वल्ही मारू लागली. पाचव्या फटक्याला मागच्याची केरसुणी पुढच्याच्या पाठीत! चौघांचे हात एकदम चालणं किती अवघड, ते मला निराळं सांगावं लागलं नाही. अथेन्सला त्या होडीत बिर्गिट बेचाळीस वर्षांची होती. तिची जोडीदार कारोलिन लेओनहार्ट एकोणीसची. बिर्गिटने पहिलं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती जन्मलीही नव्हती! 500 मीटर संपायला साधारण 94 सेकंद लागले आणि हंगेरीच्या मुली अगदी किंचित मागे राहिल्या.

सहा ऑलिंपिक, आठ सुवर्ण, चार रौप्य. आठ सुवर्णांशी बरोबरी व्हायला 2024 साल उजाडावं लागलं. न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनने ती पॅरिसला केली.

पोरं बोटांवर पदकं मोजत होती. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या मुलीने विचारलं, "बाई, त्या चौऱ्याऐंशी सालचं काय? ते तिला परत मिळालं का?"

"नाही," मी म्हटलं. "ते गेलं ते गेलंच."

मग मी सातवीच्या वर्गातून खो-खोच्या मुलींना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मुदत मी विसरले, चूक माझी आहे, मला माफ करा. गोष्ट सांगण्याआधीच हे करायला हवं होतं, पण मला धीर होत नव्हता. सातवीतली एक म्हणाली, "जाऊ दे ना बाई." दुसरीचे डोळे भरून आले होते, ती काहीच बोलली नाही. सहावीतलीही गप्पच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात, पटसंख्येच्या खाली, कोणीतरी खडूने लिहिलं होतं, "खो-खोचा अर्ज. बाईंची पर्स तपासणे." अक्षर मी ओळखलं. तेव्हापासून फळा पुसणारी पोरं तेवढा कोपरा सोडून बाकीचा फळा पुसतात.