खुणेपलीकडचे चार अंश

पद्मिनीचं इंजिन बांधताना टायमिंगच्या खुणा जुळल्या की काम झालं, असं मानणारे मेस्त्री पुष्कळ आहेत. क्रँकच्या स्प्रॉकेटवर एक टिंब, कॅमच्या स्प्रॉकेटवर एक टिंब. दोन्ही समोरासमोर आणली, साखळी चढवली, कव्हर बंद. गाडी सुरूही होते. पुढं चढावर तिचा दम तुटायला लागला की डिस्ट्रिब्युटर इकडंतिकडं फिरवायचा, कार्बोरेटरचा जेट बदलायचा, प्लग बदलायचे. व्हॉल्व्हच्या टायमिंगचं पाप असं वर्षानुवर्षं डिस्ट्रिब्युटरच्या माथी मारलं जातं. मला ते पटत नाही. कारखान्यानं खूण दिली ती नव्या साखळीसाठी, नव्या स्प्रॉकेटसाठी आणि मूळ कॅमशाफ्टसाठी. माझ्या बाकावर येणाऱ्या इंजिनात या तिन्हींतलं एकही धड उरलेलं नसतं. साखळी ताणलेली, दात झिजलेले, आणि कॅमशाफ्ट कुठंतरी ग्राइंडिंग करून आणलेला. ग्राइंडिंग करणाऱ्यानं चावीची खाच धरून लोब घासले की नुसत्या नजरेनं, हे शाफ्ट हातात घेऊन कळत नाही.

माझं शेड चिंचोळी एमआयडीसीत. कॅमशाफ्टबद्दल लिहायला याहून योग्य जागा मला तरी माहीत नाही. १९९२ साली सोलापुरात उभी राहिलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इथल्या कारखान्यातून देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. चिल्ड कास्टिंगची रीत समजून घेतली तेव्हापासून कुठलाही जुना कॅम हातात घेताना मी जरा जपून घेतो. साच्यात जिथं लोब यायचा तिथं लोखंडी चिल बसवलेले असतात. वितळलेला रस त्यांना भिडला की तेवढ्या जागी झटकन थंड होतो आणि पांढऱ्या, कडक बिडाचं कवच तयार होतं. आतला गाभा सावकाश थंड होतो, म्हणून तो करडा आणि मऊ राहतो. एकाच ओतीव तुकड्यात दोन स्वभाव. ते कवच फार जाड नसतं. वारंवार ग्राइंडिंग केलेला कॅम काही हजार किलोमीटरमध्ये खाल्ला जातो तो याचमुळं.

पद्मिनीचंही सोलापूरशी नातं आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म इथला, १८८२चा. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली; फियाटची ११०० तिथं बनू लागली आणि पुढं १९७०च्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी उतरली. खासगी गाड्या मात्र अजून आहेत, आणि ज्यांच्याकडं आहेत ते त्या विकायला तयार नाहीत. वडिलांनी घेतलेली, आजोबांनी घेतलेली. ‘चालली पाहिजे ओ, नुसती उभी ठेवायला नको,’ एवढंच त्यांचं म्हणणं असतं. १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड आणि रॉकर. साधं इंजिन आहे, पण साधं म्हणून अंदाजानं बांधावं असं नाही.

टायमिंग ही गोष्ट मी पहिल्यांदा पाहिली ती इंजिनात नव्हे, मागावर. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. यंत्रमागाला वर क्रँकशाफ्ट, खाली बॉटम शाफ्ट. वरचा दोनदा फिरला की खालचा एकदा. ताण्याचे धागे वरखाली करणारे टॅपेट आणि धोटा मारणारे पिकिंगचे कॅम त्या खालच्या शाफ्टवर. धोटा उशिरा सुटला तर तो ताण्यात अडकतो आणि धाग्यांचा चेंदा होतो. म्हणून वडील आधी हातानं चाक फिरवून क्रँक नेमकी कुठं आहे ते बघत आणि मगच कॅमचा बोल्ट सैल करत. चार स्ट्रोकच्या इंजिनात हिशेब तोच: क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. नावंही तीच, कॅम आणि टॅपेट. आणि पहिला प्रश्नही तोच, क्रँक खरंच कुठं आहे?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पिस्टन माथ्यावर, म्हणजे टीडीसीला, आला की जवळजवळ थांबतो. ७५ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात टीडीसीच्या अलीकडं-पलीकडं दोन अंशांत तो मिलिमीटरचे दोन-तीन शतांश हलतो. डायल गेजचा काटा तिथं बधिर होतो. तो थांबला ती जागा टीडीसी म्हणून धरली तर चूक ठरलेलीच. म्हणून मी हेड चढवण्याआधी पहिल्या सिलिंडरवर एक लोखंडी पट्टी आडवी कसतो, तिच्या मधोमध एक बोल्ट खाली सोडतो आणि क्रँकच्या पुढच्या टोकाला डिग्री प्लेट लावतो. एका बाजूनं फिरवत पिस्टन बोल्टला अलगद टेकवायचा, आकडा लिहायचा. उलट फिरवून दुसऱ्या बाजूनं टेकवायचा, आकडा लिहायचा. दोन्हींचा मध्य तो खरा टीडीसी. पुलीवरची खूण तिथं येते का ते त्यानंतर पाहायचं. पुष्कळदा येत नाही.

मग कॅम. पहिल्या सिलिंडरच्या इनलेटच्या पुशरॉडवर डायल गेज उभा करतो. इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं फिरवायचं. आकडा हुकला तर बरंच मागं नेऊन पुन्हा पुढं आणायचं, नाहीतर साखळीतला ढिलेपणा मापात शिरतो. लोबचा माथा म्हणजे शून्य. माथ्याच्या एक मिलिमीटर आधी समजा टीडीसीनंतर ७४ अंश आले आणि माथा ओलांडून एक मिलिमीटर उतरल्यावर १५०. मध्य ११२. त्या कॅमचं पुस्तकी माप १०८ असेल, तर कॅम चार अंश मागं आहे, खुणा तंतोतंत जुळलेल्या असूनसुद्धा.

चार अंशांनी काय होतं? इनलेट व्हॉल्व्ह मिटायला उशीर होतो. पिस्टन खालून परत वर निघालेला असतो आणि दार अजून उघडं. वेगात असताना आत येणाऱ्या मिश्रणाला जोर असतो, ते भरत राहतं. पण कमी आरपीएमला पिस्टन तेच मिश्रण परत कार्बोरेटरकडं ढकलतो. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरला गाडी रडते ती इथं. डिस्ट्रिब्युटर फिरवून हे दार लवकर मिटत नाही.

उपाय म्हणून एक दात सरकवावा म्हटलं तर कॅमच्या स्प्रॉकेटला चाळीस दात असल्यास एका दातात कॅम नऊ अंश फिरतो, म्हणजे क्रँकचे अठरा. चारासाठी अठरा कोण मोजणार? आधी नवी साखळी आणि नवे स्प्रॉकेट घालून पुन्हा माप घेतो. उरलेली तूट चावीत काढतो. चावीचा खालचा अर्धा भाग शाफ्टच्या खाचेत बसतो, वरचा स्प्रॉकेटच्या. वरचा अर्धा खालच्यापेक्षा जरासा बाजूला ठेवून चावी घडवायची. शाफ्ट २४ मिलिमीटरचा असेल तर क्रँकचे चार अंश मिळवायला ही पायरी साधारण ०.४२ मिलिमीटरची लागते. मी ती चांगल्या पोलादातून कापून बारीक कानशीनं उतरवतो. दोन घाव घासायचे, मायक्रोमीटर लावायचा. कानशीचा आवाज बदलला की हात थांबवायचा. सगळ्या कामात मला सर्वांत प्रिय हाच तास आहे.

आजच्या इंजिनात कॅमचं टायमिंग चालता चालता बदलतं. तेलाच्या दाबावर फेजर कॅमला पुढंमागं करतो. पद्मिनीला एकदाच ठरवायचं आणि सगळ्या वेगांना तेच पुरवायचं. त्यामुळं मालक गाडी कुठं चालवणार हे मी विचारून घेतो. गावात आणि घाटात असेल तर पुस्तकी मापाच्या एखाद-दोन अंश पुढं ठेवतो. नवी साखळी ताणली की कॅम मागंच सरकणार आहे, ती जागा आधीच राखून ठेवलेली बरी.

हेड चढवून सगळं बसल्यावर सेल्फ मारायच्या आधी क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवतो. कुठं अडलं तर जोर लावायचा नाही, उघडायचं. नव्या कॅमला जुने टॅपेट कधीच घालत नाही. लोब किंचित तिरका आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर घासलेला असतो, म्हणून टॅपेट वरखाली होता होता स्वतःभोवती फिरतो. झिजून खोलगट झालेला जुना टॅपेट फिरत नाही आणि नव्या लोबचं कवच फोडतो. लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावायची. इंजिन पेटलं की पहिली वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवायचं, आयडलवर सोडायचं नाही. हळू फिरणाऱ्या क्रँकवरून कॅमवर तेल उडत नाही. मालक शेजारी उभा असतो, एवढ्या आवाजात गाडी बघून त्याचा जीव वरखाली होतो. त्याला मी आधीच सांगून ठेवतो. मग घेतलेले सगळे आकडे, चावीच्या पायरीसकट, एका कार्डावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवतो. पुढं जो मेस्त्री कव्हर उघडेल त्याला ती चावी वाकडी दिसेल, आणि कार्ड नसेल तर तो ती सरळ करून टाकेल.