मानखुर्दला उतरा, जेवून जा

मुंबईत कुठं काय खावं हे सांगणाऱ्या याद्या हार्बर मार्गावर चेंबूरला संपतात. चेंबूर कॅम्पातली छोले-पुरी, तिथली सिंधी मिठाई, स्टेशनाजवळचा डोसा, आणि मग एकदम खाडीपलीकडची वाशी. मधल्या गोवंडी आणि मानखुर्द या दोन स्टेशनांवर कुणी खाण्यासाठी उतरत नाही. पण मुंबईचं मटण देवनारच्या कत्तलखान्यातून येतं, आणि तुर्भ्याच्या म्हणजे ट्रॉम्बेच्या खाडीत कोळी पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत आले आहेत. शहराला जेवू घालणारी माणसं स्वतः काय जेवतात, ते बघायला मी पहाटेच्या पनवेल लोकलनं मानखुर्दला उतरलो.

1992 साली गाडी खाडी ओलांडून वाशीला जाऊ लागली. तोवर मानखुर्द हे शेवटचं स्टेशन होतं, आणि शहराला जे जे नकोसं झालं ते या टोकाला येऊन पडलं. देवनारची कचराभूमी 1927 पासूनची. कत्तलखाना 1971 साली वांद्र्याहून इकडं हलवला. रेल्वे रुंद करताना रुळांकाठच्या झोपड्या उठवल्या, ती माणसं लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत आली. प्रत्येकानं येताना आपापली चूल आणली. त्यामुळं इथं चार पावलांवर चव बदलते.

स्टेशनाबाहेर चहा घेतला आणि रिक्षानं थेट ट्रॉम्बे कोळीवाडा गाठला. रस्ता अणुशक्तीनगर आणि चीता कॅम्पच्या बाजूनं जातो आणि पाण्यापाशी संपतो. धक्क्यावर होड्या लागत होत्या. टोपल्यांत बोय, कोळंबी, चिखलातल्या काळपट चिंबोऱ्या, आणि एका पातेल्यात जिवंत निवटे उड्या मारत होते. निवटा हा खाडीच्या चिखलात राहणारा मासा. बाजारातल्या पापलेट-सुरमईला सरावलेलं गिऱ्हाईक त्याच्याकडं बघत नाही, कोळी माणूस मात्र त्याच्या कालवणासाठी जेवण लांबवतो.

मी भाव विचारायला वाकलो तशी मावशी म्हणाली, “नुसता बघायला आलायस का खायला?”

“खायला,” म्हटलं.

“मग चिंबोरी घे. भरलेली हाय.”

कोळीवाड्यात हॉटेलाची पाटी शोधू नका. आदल्या दिवशी ओळखीतून निरोप पाठवला की एखाद्या घरी जेवण मिळतं. माझं तसंच ठरलं होतं. बोयचं आंबट समोर आलं: खोबरं नाही, कांदा नाही. ठेचलेला लसूण, हळद, घरचा कोळी मसाला आणि चिंचेचा कोळ, एवढंच. मासा ताजा असेल तरच हे कालवण जमतं. शिळ्या माशाला लपायला या रश्श्यात जागाच नसते. सोबत तांदळाची भाकरी आणि चिंबोरीचा रस्सा. चिंबोरी हातानंच खायची, नांगी दातांनी फोडायची, आणि घाई करायची नाही. मुंबईतल्या कुठल्याही नावाजलेल्या मासळीच्या हॉटेलात मला या आंबटाइतकं स्वच्छ चवीचं कालवण मिळालेलं नाही.

त्या घरचे आजोबा सांगत होते की आता पाग टाकला की माशांआधी प्लास्टिक वर येतं. 1950 च्या दशकात माहुलला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, मग वीजकेंद्र आलं, खताचा कारखाना आला, आणि शहराचं सांडपाणी तर रोजचंच. त्याच ठाणे खाडीत हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. 2022 साली तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पक्ष्यांसाठी जेवढी काळजी घेतली जाते तेवढी इथल्या जाळ्यांसाठीही घेतली जावी, असं मला तिथं बसून फार वाटलं. खाडी मेली तर हे आंबटही जाईल.

परतताना चीता कॅम्पात उतरलो. 1976 साली, आणीबाणीत, भाभा अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी पोलिसांच्या बंदोबस्तात उठवली आणि तिथल्या हजारो कुटुंबांना या दलदलीच्या जागेवर आणून सोडलं. त्या वस्तीसाठी लढणारे जोकिन अर्पुथम हे कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातून आलेले तमिळ. पुढं 2000 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चीता कॅम्पात आजही तमिळ कानावर पडतं आणि ताटातही दिसतं. सकाळी इडली आणि इडिअप्पम, संध्याकाळी तव्यावर थापट्या मारून मोकळा केलेला परोटा आणि सालना नावाचा पातळ रस्सा. माटुंग्याच्या डोशाचं कौतुक सगळे करतात, ते रास्तच आहे. पण माटुंग्याची चव देवळाभोवतीच्या ब्राह्मणी स्वयंपाकातून आली आहे, आणि चीता कॅम्पातला परोटा तमिळ कामगारांचा आणि मुसलमानांचा आहे. दोन्ही खाल्ल्याशिवाय मुंबईतलं दक्षिणी खाणं कळलं असं म्हणू नये.

दुपार शिवाजीनगर-बैंगनवाडीत गेली. कत्तलखाना जवळ, त्यामुळं पाया आणि निहारीसाठी माल ताजा मिळतो. इथं ‘मोठ्याचं’ म्हणजे म्हशीवर्गाचं मांस. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. निहारी सकाळीच संपते, म्हणून दुपारी पोचणाऱ्यानं नान आणि खिम्यावर समाधान मानावं. ज्यांना जमेल त्यांनी रमजानमध्येच यावं. इफ्तारनंतर खिचडा, कबाब, मालपुवा आणि फिरनीनं रस्ता भरलेला असतो. रमजानात खायला मोहम्मद अली रोडला जाणारी गर्दी इथं आली तर तिला वस्तीतल्या माणसांच्या शेजारी, त्याच बाकावर बसून खायला मिळेल.

संध्याकाळी अण्णाभाऊ साठे नगरच्या बाजूला वळलो. 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाड्यातून, सोलापूर भागातून मुंबईला आलेली बरीच कुटुंबं या पट्ट्यात आहेत. गाडीवर मोठ्या तव्यात वजडी परतली जात होती. वजडी म्हणजे जनावराचं पोट आणि आतडी. साफ करायला फार कष्टाची, शिजायला वेळ घेणारी. ती नीट धुतलेली असली की वासाचा त्रास होत नाही, चावायला थोडी दमदार लागते आणि मसाला आतपर्यंत मुरतो. ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, तिखट. शेजारच्या काकू म्हणाल्या, “येसर घातलं असतं तर आणखी भारी झालं असतं, पण इथं जात्यावर दळतंय कोण.” येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेलं पीठ. मराठवाड्यात कालवणाला त्यानंच दाटपणा येतो.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक 2015 साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाचं खाणं त्यात आहे, आणि ते याआधी मराठी पाककृतींच्या पुस्तकांत जवळपास नव्हतंच. मराठी जेवण म्हटलं की पुरणपोळी, मोदक, फार तर मालवणी मासे आठवतात. वजडी-भाकरी हेही तितकंच मराठी जेवण आहे. ते चवीनं, मान देऊन खावं. कुतूहलाची वस्तू म्हणून फोटो काढून निघून जाऊ नये.

आता प्यायचं काय ते सांगतो. चहा सगळीकडं चांगला आहे, उन्हाळ्यात उसाचा रस आहे. पाण्याचं मात्र अवघड आहे. हा सगळा पट्टा महापालिकेच्या एम-पूर्व प्रभागात येतो, आणि इथल्या अनेक गल्ल्यांत नळ नाही. बायका टँकरमागं उभ्या राहतात, किंवा कॅन विकत घेतात. ज्या पाण्यात वजडी धुतली जाते, भाकरीचं पीठ मळलं जातं, ते पाणीसुद्धा बऱ्याचदा विकतचं असतं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर 15 डिसेंबर 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की वस्ती अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. निकाल स्पष्ट आहे, नळ अजून सगळीकडं पोचलेले नाहीत. जाणाऱ्यानं आपली बाटली भरून न्यावी, गरम आणि डोळ्यांसमोर केलेलं खावं. आणि गाडीवाल्याकडं पेलाभर पाणी मागताना ते त्याला फुकट मिळालेलं नाही, हे लक्षात ठेवावं.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. खाडी भरलेली असते, ऊन सोसतं. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा धक्क्यावर फार काही मिळत नाही. कोळणीशी घासाघीस करू नका. आणि महापालिकेला माझं एवढंच सांगणं आहे: खाऊगल्ल्या सुशोभित करण्याच्या योजना पुढं कधीही करा, आधी मानखुर्द स्टेशनाबाहेरच्या गाड्यांना आणि त्यांच्यामागच्या वस्त्यांना पिण्याच्या पाण्याचे नळ द्या.