पाटी बदलली, पाटी राहिली

नाशिकच्या कितीतरी स्वयंपाकघरांत दारामागच्या खुंटीला अजून एखादी निळी-केशरी पिशवी लटकलेली असते. तिच्या पोटात दुसऱ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. कोणी ती रविवार कारंजावर भाजी आणायला नेतं, कोणी त्र्यंबकला जाताना तिच्यात डबा आणि पाण्याची बाटली ठेवतं. पिशवीवर ज्या दुकानाचं नाव आहे, ते बिग बाजार आता राहिलेलं नाही.

गिऱ्हाईक रुसलं म्हणून हे दुकान गेलं नाही. ते चालवणाऱ्या फ्यूचर समूहावर कर्जाचा डोंगर झाला होता, त्यात २०२० ची टाळेबंदी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिलायन्सने समूहाचा किरकोळ आणि घाऊक व्यापार २४,७१३ कोटी रुपयांना घेत असल्याचं जाहीर केलं. अ‍ॅमेझॉनने हरकत घेतली आणि भांडण सिंगापूरच्या लवादापासून आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. इकडे दुकानांची भाडी थकत होती. कित्येक जागांचे भाडेकरार रिलायन्सने आपल्या नावावर करून घेतले आणि फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस त्या जागांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. पुढे तिथे स्मार्ट बाजारच्या पाट्या लागल्या. एप्रिलमध्ये धनकोंनी मतदान करून मूळ व्यवहारच फेटाळला. म्हणजे कागदावर विलीनीकरण झालंच नाही. दुकानं गेली ती गेलीच.

एवढ्या मोठ्या साखळीबद्दल हळहळ कसली वाटायची, असं कोणी विचारेल. पण नाशिककरांना हळहळ वाटली, आणि तिला कारण आहे. बिग बाजार येईतोवर इथला महिन्याचा किराणा म्हणजे वाण्याकडे दिलेली यादी. गल्ल्यापलीकडून तो जी तूरडाळ दाखवील ती बघायची, पुडी बांधून मिळेल ती घ्यायची. शहरात चकाचक काचेची दुकानं होती, पण तिथे आत शिरताना चपलेकडे लक्ष जायचं. फ्यूचर समूहाचे किशोर बियाणी यांनी २००१ मध्ये कोलकाता, हैदराबाद आणि बंगळुरूत बिग बाजार सुरू केलं, ते हाच संकोच ओळखून. त्यांनी मुद्दाम गर्दी होईल अशी मांडणी केली, धान्याच्या राशी उघड्या ठेवल्या. बाईने राशीत हात घालावा, डाळ तळहातावर घेऊन निरखावी, नाक मुरडून पुढे जावं, अशी सोय होती. नाशिकमध्ये हे दुकान बऱ्यापैकी लवकर आलं. सिडकोतल्या कामगाराचं कुटुंब आणि कॉलेज रोडवरचं डॉक्टरांचं कुटुंब एकाच रांगेत उभं राहू लागलं. बुधवारची स्वस्ताई, २६ जानेवारीची झुंबड, जुनं भांडं किंवा रद्दी देऊन मिळवलेली सवलत हे सगळं घराच्या पंचांगात सणवारांसारखं बसलं होतं.

हेही खरं की बिग बाजारचा मालक समूह स्वतः कमी खादाड नव्हता. १९०५ पासून दक्षिणेत नाव असलेलं नीलगिरीज त्याने २०१४ मध्ये घेतलं आणि पुढे मुंबईचं हायपरसिटीही. मोठ्या माशाला त्याहून मोठा मासा भेटला, इतकंच. ज्यांच्या शहरात नीलगिरीज होतं, त्यांनी ही हळहळ आधीच भोगली होती.

पण मराठी माणसाने ज्याच्यासाठी खरोखर डोळ्यांत पाणी आणावं, असं दुकान दुसरंच आहे, आणि त्याची गोष्ट मुंबईत घडली. नाशिकला ती परकी नाही. लालबाग-परळला नातेवाईक नसलेलं नाशिककर घर पूर्वी विरळा. १९७५ पासून पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परतता येऊ लागलं, आणि दादरच्या खरेदीत अपना बाजारची फेरी असायची. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली साध्या सहकारी दुकानातून ही संस्था उभी राहिली. स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं, धान्याची टंचाई होती, काळा बाजार होता. गिरणीत राबणाऱ्यांनी ठरवलं की दुकान आपलंच काढू. भाग विकत घेऊन गिऱ्हाईक मालक झालं. सहकाराचा नियम असा की भाग एक असो वा शंभर, मत एकच. धान्यापासून कापडापर्यंत आणि औषधांपासून स्टेशनरीपर्यंत सारं एका छपराखाली, योग्य वजनात आणि छापील किमतीत मिळू लागलं. मॉल हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

याच वाटेवर १९६८ मध्ये कुलाब्याच्या ग्राहक सहकारी संस्थेचं सहकारी भांडार आलं. मध्यमवर्गीय मुंबईत त्याच्या शाखांवर लोकांचा विश्वास होता. २००६-०७ च्या सुमारास त्याचा कारभार रिलायन्स रिटेलकडे गेला. पाटी बदलली नाही. 'सहकारी' हा शब्द दारावर तसाच राहिला आणि आतलं घर दुसऱ्याचं झालं.

बिग बाजार आणि सहकारी भांडार, या दोन प्रसंगांत जास्त दुखणारा कोणता? नुसतं बघायला गेलं तर बिग बाजारचा, कारण तिथे नावच पुसलं गेलं. पण बिग बाजारचं गिऱ्हाईक मालक कधीच नव्हतं, त्याचं काही काढून घेतलं गेलं नाही. सहकारी दुकानात सभासदाला सभेत उठून साबण महाग का लागतो हे विचारता येत होतं. तो हक्क गेला, आणि तो जाताना दारावर कोणी टाळं लावलं नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. सहकारी दुकानं आपल्याच चुकांनीही खंगली. खरेदीत ढिलाई होती, संचालक मंडळांत राजकारण होतं, काउंटरवर सरकारी कचेरीसारखा थंडपणा होता. गिऱ्हाईक मॉलकडे वळलं ते उगाच नाही. तरीही ती मोडली याचा आनंद मानण्यासारखं काही नाही.

यातला एक धागा सहसा सांगितला जात नाही. डी-मार्टचे राधाकिशन दमाणी यांनी १९९९ मध्ये नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी घेऊन किराणा धंद्याची पहिली चव घेतली. डी-मार्टचं पहिलं दुकान पवईत निघालं ते त्यानंतर, २००२ मध्ये. आज नाशिकमध्ये रविवारी डी-मार्टच्या रांगेत ढकलगाडी घेऊन उभा असलेला माणूस नायगावच्या गिरणी कामगारांशी असा लांबून जोडलेला आहे.

ही हळहळ आपल्याकडेच आहे असंही नाही. शिकागोतलं मार्शल फील्ड्स हे १८५२ पासूनच्या परंपरेचं दुकान ९ सप्टेंबर २००६ रोजी मेसीज झालं. मेसीज चालवणाऱ्या मोठ्या कंपनीने त्याची मालक कंपनीच विकत घेतली होती. त्या दिवशी लोक स्टेट स्ट्रीटवरच्या दुकानाच्या जुन्या घड्याळाखाली फलक घेऊन जमले आणि नंतरही अनेक वर्षं त्या तारखेला जमत राहिले. दुकानासाठी रस्त्यावर उतरणारी माणसं आपल्याला थोडी विचित्र वाटतील. पण त्यांना तारीख पाठ होती. आपल्यापैकी किती जणांना सहकारी भांडार कधी हातचं गेलं ते सांगता येईल?

नाशिकच्या मेनरोडवर, दहीपुलावर, भांडीबाजारात एका घराण्याने चालवलेली जुनी दुकानं अजून आहेत. दिवाळीच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी मालक दुपारी गल्ल्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेला दिसतो. त्यातली काही पुढच्या पिढीबरोबर मिटतील, काही जागा साखळ्यांना जातील. या दुकानांचा इतिहास कुठेही लिहिलेला नाही, तो फक्त गिऱ्हाइकांच्या घरात आहे. जुन्या वहीत दडलेली पावती, सहकारी संस्थेचा भागदाखला, उद्घाटनाच्या गर्दीत काढलेला फोटो, दुकानाचं नाव छापलेली कॅलेंडरं आणि ती निळी-केशरी पिशवीसुद्धा. दिवाळीच्या साफसफाईत हे सगळं रद्दीवाल्याकडे जातं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून शहराचे कागद जपत आलं आहे. यंदा माळा आवरताना असं काही हाती लागलं, तर मागच्या बाजूला दुकानाचं नाव, गल्ली आणि आठवेल ते साल लिहा, आणि ते टाकण्याआधी एकदा तिथे विचारून या.