जलपर्यटनाचा जमाखर्च

जलपर्यटनाच्या जाहिरातींतील भाडें बहुधा दोघांच्या खोलींतील दर माणशीं असतें. बंदरकर, सेवकवर्गाचें बक्षीस, मद्यादि पेयें व इंटरनेट यांचा खर्च पुष्कळदां निराळा. उलट, त्याच खोलींतील तिसऱ्या-चौथ्या माणसास भाडें बहुतेक वेळां कमी पडतें. मोठ्या कुटुंबानें हा लाभ अवश्य घ्यावा.

सिंगापुराहून पेनांग व फुकेत पाहण्यास आम्ही वृद्ध मातोश्रींसह निघालों, तेव्हां थोड्या अधिक पैशांत वरच्या मजल्यावरील, अगदीं पुढची, सज्जाची खोली आम्हांस देऊं करण्यांत आली. आम्हीं ती नाकारली. जहाजाच्या मध्यभागीं, खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. मातोश्रींना चारही रात्रीं स्वस्थ झोंप लागली. ज्याच्यासाठीं खर्च करावयाचा, त्याच्या प्रकृतीस मानवेल तीच खोली आम्ही किफायतीची समजतों.